डोंगराच्या दोन अंगांचे रातकिडे

३ फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या रजिस्टरातली चौकट बोटभर रुंद आहे. आकडा मावतो, बाकी काही मावत नाही. तिथे रातकिड्यांवर संशोधन करणारी एक पोरगी म्हणते, "आजोबा, दिवसभरात जे जे केलंत ते लिहून ठेवत जा. काही वाटलं तर तेही लिहा." वाटलेलं बोटभर जागेत कसं बसवायचं, म्हणून ही वही केली.

मी सातवी नापास. बेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि लिहिलं ते पाकिटांवर: 'मागे पडतं', 'पडलं होतं', 'पाणी शिरलं'. दुकान बंद करून दीड वर्ष झालं. मुलगा बोटीवर असतो, घरात मी आणि सूनबाई. ती एका संशोधन संस्थेच्या कार्यालयात कारकून आहे. मागच्या महिन्यात म्हणाली, "बाबा, आमच्याकडे किडे ठेवायच्या खोलीत दिवे लावणारा एक जुना चावीचा टायमर आहे. अडकलाय. कुणाला जमत नाहीये." गेलो. आतला एक स्क्रू सैल होता, बाकी काही नाही. एवढी शिकलेली माणसं आणि स्क्रू दिसला नाही. त्यावर पेचकसाचा ताजा ओरखडासुद्धा होता, म्हणजे कुणीतरी खटपट करून सोडून दिलं असणार.

काम झाल्यावर पोरगी म्हणाली, खोक्यांना दाणापाणी करायला रोज माणूस हवाय, याल का. तिने माझा हात पारखला असावा. घरी येऊन सूनबाईला सांगितलं तर तिला जराही नवल वाटलं नाही. माझ्याबद्दल तिला कशाचंच नवल वाटत नाही.

५ फेब्रुवारी

खोलीत दिवसा रात्र असते. सकाळी नऊला टायमर दिवे घालवतो आणि रात्री नऊला लावतो, म्हणून रातकिडे आमच्या सोयीने दिवसा गातात. माझ्यासाठी एक लाल बल्ब आहे. लाल उजेड त्यांना दिसत नाही म्हणे. मलाही त्यात फारसं दिसत नाही, पण माझी कोणी काळजी केलेली नाही. दोनदा स्टुलावर आपटलो.

खोकी प्लास्टिकची, झाकणाला जाळी. अर्ध्यांवर लाल पट्टी, अर्ध्यांवर निळी. एकाच डोंगराच्या दोन अंगांचे रातकिडे आहेत हे. भिंगाखाली धरले तरी फरक सांगता येत नाही, मी माझं डोळ्याला लावायचं भिंग नेऊन पाहिलं. फरक फक्त गाण्यात. लाल पट्टीवाला नर अर्ध्या मिनिटात साठ ठोके देतो, निळ्या पट्टीवाला नव्वद. पोरगीकडे मोजायला यंत्र आहे. मी डोळे मिटून मोजले, आणि तिचा आकडा आला साठ, माझाही साठ. ती म्हणाली, "तुम्हाला मायक्रोफोनऐवजीच ठेवायला हवं." चेष्टा होती की काय कोण जाणे. दिवसभर त्याचाच विचार करत होतो.

९ फेब्रुवारी

आज कळलं की रातकिड्याचे कान पुढच्या पायांत असतात, गुडघ्याच्या जरा खाली. आणि गाणं गळ्यातून येत नाही. एका पंखाच्या कडेला बारीक दाते, दुसऱ्याला खरवडणी. पंखावर पंख घासला की आवाज. दाते मी भिंगातून पाहिले. बायकी मनगटी घड्याळाच्या चाकाचे दाते याहून जाडे असतात.

"म्हणजे गायचं पंखाने, ऐकायचं पायाने," मी म्हटलं. "तोंड फक्त खायला. सुखी आहेत."

"नरच गातो," पोरगी म्हणाली. "मादी ऐकते आणि चालत जाते. लालवाली साठकडे जाते, निळीवाली नव्वदकडे. एकमेकींच्या नवऱ्यांकडे ढुंकून बघत नाहीत."

"आणि एका खोक्यात कोंडलं तर?"

"मग पिल्लं होतात. चांगली धडधाकट होतात. पण जंगलात कोंडणार कोण?"

ती म्हणते, प्रजाती दोन होतात त्या अशाच. मध्ये भिंत पडायला लागत नाही, नदी लागत नाही. एकमेकांचं गाणं कानाला लागेनासं झालं की पुरे. मोठे सर, म्हणजे तिचे साहेब, म्हणतात की ही अजून एकच प्रजाती आहे. पोरगी म्हणते, दोन व्हायच्या वाटेवर आहे. या वाटेवर तिची चार वर्षं गेली.

१० फेब्रुवारी

एक शंका डोक्यातून जाईना. सुरुवातीला तर सगळे साठवालेच असणार. त्यात एक नर जन्मला जो सत्तर गातो. ठीक. पण माद्यांना साठ आवडतं. मग त्याच्याकडे येणार कोण? बिचारा गाऊन गाऊन मरायचा आणि त्याचं सत्तर त्याच्याबरोबर जायचं. मग नव्वद झालंच कसं?

भीत भीत पोरगीला विचारलं. ती चहा पिता पिता थांबली. म्हणाली, "आजोबा, याच प्रश्नावर माझा शेवटचा भाग अडलाय. गाणं बदललं तर कानही त्याच वेळी बदलायला हवेत. दोघं एकदम कसे बदलतात?"

मला वाटलं होतं की मी काहीतरी बावळट विचारतोय. घरी येताना चुकून एक गल्ली पुढे गेलो.

१७ फेब्रुवारी

लाल पट्टीवाले मागे पडताहेत. साठचे चौपन्न झाले. तीनदा मोजलं. त्यांना दिलेलं गाजर शिळं होतं का? पाण्याचा कापूस नीट ओला केला होता का? काही आठवत नाही. एकदा हातातून निसटलं की लोक म्हणणार, म्हातारा कामाचा नाही. पोरगी वरच्या मजल्यावर प्रबंध लिहीत बसलेली, तिला उगाच का सांगा.

सूनबाईने विचारलं, "आज कसं गेलं?" मी म्हटलं, जसं जायचं तसं. तिसऱ्यांदा विचारलं तिने या आठवड्यात. पाळत ठेवते माझ्यावर.

१८ फेब्रुवारी

कारण सापडलं. लाल खोकी खालच्या फळीवर आहेत आणि गार हवेच्या यंत्राचा झोत थेट त्यांच्यावर येतो. या यंत्राची तोंडं मागच्या आठवड्यात कुणीतरी पुसून वळवून ठेवली. पोरं गारठली आहेत, दुसरं काही नाही.

दुकानात आम्ही हेच करायचो. जुन्या घड्याळातलं तेल थंडीत थिजतं, घड्याळ मागे पडतं, मग दिव्याजवळच्या फळीवर दोन दिवस ठेवायचं. इथे टायमरशेजारी विजेची पेटी आहे, दिवसभर घूं करत असते आणि तिच्यावरची फळी चांगली उबदार आहे. लाल नरांची खोकी उचलून तिथे मांडली. पोरगी संध्याकाळी डोकावली, "ही वर का?" मी म्हटलं, खाली झाडायला अडचण होते. ती "बरं" म्हणून गेली. खरं कारण सांगितलं असतं तर चौपन्नचंही सांगावं लागलं असतं.

२२ फेब्रुवारी

साठ. मग बासष्ट. आज सहासष्ट. कसे खणखणीत वाजताहेत. घड्याळ चालू लागलं की कानाला जो आनंद होतो तो दीड वर्षाने झाला. फळीच्या मागच्या कडेला ऊब आणखी आहे, खोकी मागे सरकवली.

२५ फेब्रुवारी

लाल माद्यांनाही वर नेलं. नवऱ्यांना ऊब आणि बायकांना थंडी हे मनाला पटेना. माझी बायको असती तर म्हणाली असती, आयुष्यात एकदा तरी सुचलं.

नर बहात्तर. रजिस्टरात तापमान रोज लिहितो: चोवीस. दाराजवळच्या तापमापकावर बघूनच लिहितो, मनाचं काही लिहीत नाही.

४ मार्च

मोठी जबाबदारी मिळाली. पोरगीला लिहायला वेळ पुरत नाही, म्हणून लाल माद्यांची चाचणी मी घ्यायची. एक मोठं गोल ताट. दोन टोकांना दोन लहान स्पीकर. एकातून साठची चाल, दुसऱ्यातून मुद्दाम थोडी जलद, बहात्तरची. मादी मधोमध सोडायची आणि ती कुणाकडे जाते ते लिहायचं. जानेवारीत पोरगीने हेच केलं होतं तेव्हा वीसपैकी सतराजणी साठकडे गेल्या होत्या. पुन्हा एकदा तेच करून खात्री करायची आणि प्रबंध बांधायचा. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला परीक्षकांसमोर बोलायचं आहे, आणि जूनपासून लांबच्या एका प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली आहे.

ताट टेबलावर असतं. पण माद्यांना वरच्या उबेतून काढून एकदम गारव्यात न्यायचं म्हणजे सर्दीच व्हायची. म्हणून ताटच वर फळीवर मांडलं आणि स्टुलावर उभं राहून काम केलं. गुडघे बोलायला लागले, पण काम चोख.

मादी सोडली की आधी थांबते. पुढचे पाय जरा उचलते. कान तिथेच आहेत हे ठाऊक असल्यामुळे ते बघताना अंगावर काटा येतो. मग वळते आणि निघते. त्या वळण्याच्या आधी तिच्या आत काय होत असेल?

११ मार्च

वीस माद्या झाल्या. पंधरा बहात्तरकडे, पाच साठकडे. कागद पोरगीच्या टेबलावर ठेवला. अक्षर बरं आलंय.

१२ मार्च

पोरगी खाली आली, कागद हातात. "आजोबा, स्पीकरची डावी-उजवी बाजू चुकली नाही ना?" मी म्हटलं, दर पाच माद्यांनंतर बाजू बदलली, तू सांगितलंस तसं. "आणि तापमान?" "चोवीस," मी म्हटलं. दाराजवळच्या तापमापकावर तेच होतं. ती खाली स्टुलावर बसली. चप्पल काढून पाय वर घेऊन बसली, लहान मूल बसतं तशी. म्हणाली, "मग माझी चार वर्षं चुकीची आहेत."

मला कळेना की आकडे बदलले यात एवढं काय. आवडी बदलतात.

१५ मार्च

गाजराचं भांडं घेऊन सरांच्या दारावरून जात होतो. दार उघडं होतं.

सर म्हणाले, "खोकी मिसळली आहेत. लाल-निळं झालंय. घड्याळवाल्यांच्या हाती चाचणी दिली होती का?"

पोरगी म्हणाली, "चाचण्या मी घेतल्या."

"नक्की?"

"सही माझी आहे ना, सर. आणि पट्ट्या चुकल्या असत्या तर नर नव्वद गायले असते. माद्या बहात्तरकडे जाताहेत. नर मी आज मोजले. तेही बहात्तर. दोघं सारखेच सरकलेत."

"तीन आठवड्यांत? किडे आहेत ते. कुठेतरी माती खाल्लीस तू. शोध, नाहीतर तो भाग काढून टाक."

मी खोलीत आलो. हातातलं भांडं ठेवायचं सुचेना. मग फळीवर हात ठेवला. इतके दिवस खोकी उचलायला हात लावत होतो, आज नुसता ठेवला. ऊन पडलेल्या ओट्यासारखी गरम होती.

१६ मार्च

काल जेवलो नाही. सूनबाईने विचारलं तर म्हटलं पोट बरं नाही. तिने आज अर्धी रजा घेतली. त्यांच्या कार्यालयात हल्ली कामच नसावं. वाफाळती पेज पुढ्यात ठेवून समोर बसून राहिली, फोनमध्ये बघत. बघत कसली, मी खातो की नाही ते बघत होती.

सकाळी खोकी खालच्या फळीवर परत ठेवली. तासाभरात नर छप्पन्नवर आले. तासाभरात. म्हणजे शंकेला जागा उरली नाही. सगळं मीच केलंय.

कुणाला कळणार नाही. उद्या ती मोजेल तेव्हा सगळं जागच्या जागी.

१८ मार्च

जागच्या जागी असूनच सगळं बिघडलं. पोरगीने काल नर मोजले, छप्पन्न. तीन दिवसांपूर्वी बहात्तर. तिला वाटतंय की तिलाच मोजता येत नाही. आज यंत्र उघडून बसली होती, तारा सगळ्या टेबलभर. मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही मोजा. माझ्या कानांवर माझा भरवसा उरला नाही." मी मोजले. "छप्पन्न," म्हटलं.

ती म्हणाली, "बरोबर." आणि शेवटच्या भागाची पानं पिशवीत भरली.

२० मार्च

सांगितलं तर काय होईल त्याची यादी करतो. एक, हाकलतील. दोन, सूनबाईला तिच्या कार्यालयात मान खाली घालावी लागेल, तिच्याच ओळखीने गेलो होतो. तीन, पुन्हा खिडकीत बसून बंद घड्याळं उघडायची आणि मिटायची.

न सांगितलं तर काय होईल याची यादी करायला बसलो. एकच गोष्ट लिहायची होती, तीही लिहवेना.

२४ मार्च

सांगितलं.

दाणापाणी झाल्यावर वर गेलो. ती खिडकीशी उभी होती. मी म्हटलं, "बाळ, खोकी मी हलवली होती." फळी, पेटी, थिजलेलं तेल, ताट, गुडघे, सगळं सांगितलं. मध्येच वाटलं की बचाव करतोय आपण, म्हणून थांबलो.

तिने खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "मी तुमच्यासाठी सरांशी खोटं बोलले."

"ऐकलं मी."

"ऐकलंत? त्याला नऊ दिवस झाले."

"हो."

मला वाटलं आता जा म्हणेल. पण तिने तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "नर कोणत्या तारखेला वर नेले? माद्या कोणत्या? मागच्या कडेला कधी सरकवले? त्या दिवशी किती मोजलेत?"

तोंडपाठ थोडंच असतं. म्हटलं, वहीत आहे.

"मग वही द्या."

वही द्यायची म्हणजे यात सगळंच आहे. सूनबाई पाळत ठेवते ते आहे. माझी बायको आहे. म्हटलं, उद्या देतो. घरी येऊन पानं फाडावीत म्हणून बसलो. मग लक्षात आलं, फाडलेली वही बघून ती म्हणेल की उरलेलंही खरं कशावरून. फाडलं नाही.

२७ मार्च

वही दोन दिवस तिच्याकडे होती. आज परत मिळाली. माझ्या आकड्यांशेजारी पेन्सिलीने बारीक खुणा आहेत. बाकी कशाला हात लावलेला नाही.

तिने गेले दोन दिवस एक तापमापक फळीवर ठेवून पाहिला. पुढच्या कडेला सत्तावीस अंश, मागच्या कडेला एकोणतीस. पाच अंशांचा फरक आणि बारा ठोके.

"एक सांगा," ती म्हणाली, "तुम्ही फक्त नरांनाच वर नेलं असतं तर?"

"माद्यांनी साठच मागितलं असतं."

"आणि नर बहात्तर गात बसले असते. चुकामूक. पण माद्याही तापल्या, आणि त्यांनी बहात्तरच मागितलं. साठ शेजारीच वाजत होतं तरी. नर सरकले त्याच बाजूला त्याही सरकल्या. का?"

मला घड्याळाशिवाय दुसरं काय सुचणार. म्हटलं, "तासकाटा आणि मिनिटकाटा वेगवेगळे दिसतात, पण आत चाक एकच असतं. किल्ली फिरवली की दोन्ही आपापल्या जागी सरकतात, एकमेकांना विचारावं लागत नाही. यांचंही तसं असेल. गाणाऱ्याच्या आत आणि ऐकणारीच्या आत एकच चाक."

तिने माझं बोलणं पेन्सिलीने टिपून घेतलं. मग म्हणाली, "ऊब दोघांना सरकवते, एवढंच दिसलं. जनुकही दोघांना एकदमच सरकवतं का, ते वेगळं बघावं लागेल. आजोबा, ऊब गेली की साठ परत येतं. जनुक बदललं तर परत येत नाही."

"कसं बघायचं?"

"लाल आणि निळे मुद्दाम कोंडायचे. त्यांच्या मुलांचं गाणं मधलं असतं हे ठाऊक आहे, पंचाहत्तरच्या आसपास. मुलींचा कान कुठला असतो ते कुणी पाहिलेलं नाही. भाऊ पंचाहत्तर गातो आणि बहीणही पंचाहत्तरच मागते असं निघालं, तर तुमचं चाक खरं असण्याचा संभव आहे. संभव, बरं का."

"किती दिवस लागतील?"

"अंडी, पिल्लं, मोठी होणं. ऑगस्ट उजाडेल."

तिची जूनची जागा मला तेव्हा आठवली नाही.

२९ मार्च

ती सरांकडे गेली आणि खरं सांगून आली. दहा तारीख रद्द. सर मला बोलावून म्हणाले, "घड्याळवाले, यापुढे खोक्यांना हात लावायचा नाही." आवाज चढवला नाही, त्याने जास्त लागलं.

घरी सूनबाई म्हणाली, "बाबा, तिची बाहेरची जागा गेली. पत्र आमच्याच टेबलावरून गेलं. ते लोक ऑगस्टपर्यंत थांबत नाहीत म्हणाले."

मी म्हटलं, "तिने मला सांगितलं नाही."

"तुम्हाला कशाला सांगेल? तुम्ही आधीच जेवत नाही."

३० मार्च

माफी मागायला गेलो. शब्द जुळवून गेलो होतो, दारातच विसरलो.

पोरगी म्हणाली, "माफी नको. मला राग आलाय आणि तो लवकर जाणार नाही. तो आहे तोवर तुमच्याशी गप्पा मारणार नाही." मग कागद सारखे करत म्हणाली, "पण कानांनी मोजणारं दुसरं कुणी नाही माझ्याकडे. यंत्राचा आकडा आणि तुमचा आकडा, दोन्ही वेगवेगळे लिहायचे आहेत. उद्या नऊला या."

सरांचं काय, मी विचारलं. ती म्हणाली, "हात लावायचा नाही म्हणालेत. कान लावायचा नाही असं म्हणालेले नाहीत."

२ एप्रिल

लाल आणि निळ्यांना एका खोक्यात सोडलं. सोडलं तिने, मी हात मागे बांधून उभा. लाल मादी निळ्या नराच्या गाण्याकडे पाठ करून बसली. तो नव्वदच्या चालीने गातोय, ही गाजर खातेय. दोन तास झाले. मला दुकानासमोरच्या बाकावर बसणारी जोडपी आठवली.

पोरगी बोलत नाही. पेटीवरची फळी तिने काढून टाकली, गार झोत दुसरीकडे वळवला, आणि खालच्या फळीवर, टेबलावर, ताटात, सगळीकडे तापमापक लावलेत. एकूण नऊ. सगळीकडे चोवीस.

९ एप्रिल

मातीच्या वाटीत अंडी. कोंडल्यावर झालं शेवटी. भाताच्या तुसासारखी बारीक. रोज वाटीकडे पाहतो, लांबून.

३० एप्रिल

पिल्लं. आवाज नाही, पंख नाहीत, मुंगीएवढी. ही कोण? लाल नव्हेत, निळी नव्हेत. यांच्या अंगात दोन्हीकडचं अर्धं अर्धं. यांना आतून काय वाटत असेल, असं मी मोठ्याने म्हणालो. पोरगी म्हणाली, "त्याचंच तर उत्तर हवंय." महिन्याभरातलं तिचं पहिलं जादा वाक्य. मोजून ठेवलं.

११ जून

आजच्या तारखेला ती लांबच्या त्या गावी पोहोचलेली असती. ती नेहमीसारखी नऊला आली. पिल्लांचं वजन केलं. मी दिवसभर चुकीचे आकडे सांगितले, तिने दोनदा दुरुस्त केले आणि काही म्हटलं नाही.

घरी सूनबाईला म्हटलं, मी उद्यापासून जात नाही, तिच्या डोळ्यांसमोर राहू नये. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "तुम्ही गेला नाहीत तर तिला दुसरा माणूस शोधावा लागेल. त्याला साठ आणि बासष्टमधला फरक कळेल का?" नाही म्हटलं. "मग निजा आता." तोडून बोलते नेहमी. पण मुद्द्याचं बोलली.

२६ जुलै

पहिला नर गायला. चाचपडत, मध्येच थांबत. नवं घड्याळ पहिल्यांदा चालू करतो तेव्हा तसंच होतं. दुपारपर्यंत लय धरली. मी डोळे मिटले. पोरगी यंत्राशी.

"तुमचा?" तिने विचारलं.

"तुझा आधी सांग."

"असं नाही चालत. कागदावर लिहा, मीही लिहिते."

दोघांनी लिहिलं. माझा शहात्तर, तिचा पंचाहत्तर. ती म्हणाली, "यंत्राचं बरोबर धरायचं." मी म्हटलं, "धर." ती हसली. मार्चनंतर पहिल्यांदा.

१४ ऑगस्ट

बहिणींची चाचणी आज सुरू झाली. ताट टेबलावर. तीन स्पीकर: साठ, पंचाहत्तर, नव्वद. कुठून कुठली चाल वाजेल ते यंत्र ठरवतं, मला सांगितलेलं नाही, आणि मादी सोडताना तिनेही आवाज ऐकू येऊ नये म्हणून कानात कापूस घातला. मी भिंतीशी स्टुलावर, हात मांडीवर. मादी ज्या खुणेपाशी जाईल ती खूण सांगायची, एवढंच काम. सर दारात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

मादी मधोमध सोडली. ती थांबली. पुढचा उजवा पाय उचलला, मग डावा. गाणं तिन्ही बाजूंनी. साठकडे वळली, दोन पावलं गेली. थांबली. नव्वदकडे तोंड केलं, जागची हलली नाही. मग ती फिरली आणि सरळ चालत मधल्या स्पीकरच्या जाळीला जाऊन भिडली. जाळीवर चढायला बघत होती.

कुठला स्पीकर ते मला सांगितलेलं नव्हतं. पण कान आहेत मला. पंचाहत्तर.

खूण सांगितली. पोरगीने कापूस काढला, यादी पाहिली, मग सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "एक."

मी म्हटलं, "गेली ना पण."

"एकीने काही सिद्ध होत नाही, आजोबा," पोरगी म्हणाली. तिने पेन्सिलीचं टोक कागदावर दोनदा टेकवलं. "चाळीस हव्यात. या चाळीसमधल्या वीस चुकीच्या बाजूला गेल्या तर आपण पुन्हा होतो तिथेच."

ताट पुसलं, दुसरी मादी घेतली. मी हात मांडीवर ठेवून बसलो. उरल्या एकोणचाळीस.